भीड, अबोला आणि मौन

फोन वाजतो. पलीकडून कुणीतरी विचारते, "रविवारी मदतीला येशील ना?" आपल्याला जमेल का, जावेसे वाटते का, हे मनात उमटण्याआधीच तोंडातून शब्द निघून गेलेला असतो, "हो, येते की! त्यात काय?" फोन ठेवल्यावर पोटात खड्डा पडतो. रविवारी मुलाला बाहेर न्यायचे कबूल केलेले असते, आठवडाभराची झोप राहिलेली असते. मग चिडचिड सुरू होते. आधी विचारणाऱ्यावर, मग घरातल्यांवर, शेवटी स्वतःवर. रविवारी तुम्ही जाता. हसतमुखाने जाता. आणि घरी परतल्यावर ज्याचा काहीच दोष नाही अशा माणसावर, बहुधा सगळ्यात जवळच्या माणसावर, तो राग निघतो.

असे कधीतरी घडणे स्वाभाविक आहे. पण हे रोजचेच झाले असेल, आणि ‘सगळ्यांचं किती करते हो ती’ हे कौतुक ऐकून आनंद होण्याऐवजी थकवा येत असेल, तर आजचा अभ्यास तुमच्यासाठी आहे.

जुनाच आजार

हल्ली याला ‘पीपल प्लीझिंग’ म्हणतात. नाव नवे आहे, दुखणे जुने आहे. आपल्याकडे त्याला ‘भीड’ म्हणतात, आणि जो भिडेत अडकतो तो भिडस्त. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण आपल्या आज्या सहज बोलून जात. नकार देता न आल्यामुळे घरेदारे गेलेली त्यांनी पाहिली होती.

भीड म्हणजे प्रेम नव्हे, हे आधी नीट समजून घेऊ या. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. प्रेमाने चहा करणारा आणि भिडेने चहा करणारा, दोघांचा चहा सारखाच गोड असतो. फरक आत असतो. प्रेम देऊन मोकळे होते. भीड देते आणि मग समोरच्याचा चेहरा वाचत बसते. खूश झाला का? काही बोलला का नाही? मागच्या वेळी जास्त हसला होता, आज काय झाले? या वाचनात दिवसाची किती शक्ती जाते हे भिडस्त माणसाला सांगावे लागत नाही.

बहुतेकांच्या बाबतीत हे लहानपणी सुरू होते. घरात एखादे माणूस तापट असते, किंवा आई सतत दुःखी असते. मूल शिकते की आपण शहाण्यासारखे वागलो, सगळ्यांच्या मनासारखे केले की घर शांत राहते. मूल काही चूक करत नसते, ते स्वतःला सांभाळत असते. संकटात प्राणी लढतो, पळतो किंवा थिजतो हे आपण ऐकलेले असते. पीट वॉकर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने याला चौथी प्रतिक्रिया जोडली, ती म्हणजे समोरच्याची मर्जी राखून संकट टाळणे. हे समजले की स्वतःला ‘मी किती लेचीपेची’ म्हणून दूषण देणे थांबते. ज्या सवयीने कधीकाळी आपल्याला वाचवले, ती चाळिशीत आपल्याला दमवते आहे, इतकेच.

सहीची गोष्ट

वडोदऱ्याला स्थायिक झालेल्या एका ज्येष्ठ साधकांनी अभ्यासवर्गात सांगितलेला अनुभव इथे देते. नाव अर्थातच देत नाही. काका आयुष्यभर नोकरीत, अत्यंत सज्जन, कुणालाही कधी ‘नाही’ न म्हटलेले. एका नातेवाइकाने कर्जासाठी जामीन राहायला सांगितले. घरी चहा झाला, कागद पुढे आला. काकांच्या मनात पाल चुकचुकली, पण समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरची आशा त्यांना मोडवेना. सही केली. "सही करायला दहा सेकंद लागले," ते म्हणाले, "आणि त्या दहा सेकंदांत मला फक्त एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे ही अवघड वेळ संपावी."

हप्ते थकले. जामीन म्हणजे नुसती ओळख सांगणे नव्हे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. काकांच्या निवृत्तीच्या पैशांतून मोठी रक्कम गेली. पण त्यांना पैशांपेक्षा दुसरी गोष्ट जास्त लागली. त्यांच्या पत्नीने एवढेच विचारले, "तेव्हा मला एका शब्दाने विचारलं का नाहीत?" आणि त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. परक्याचे मन राखताना घरच्या माणसाचे मन गृहीत धरले गेले होते.

भिडेची किंमत अशीच असते. आपण ‘हो’ म्हणतो तेव्हा ते कुणाच्या तरी खात्यातून जाते. बहुधा जो तक्रार करणार नाही त्याच्या.

प्रिय, पण सत्य आणि हितकर नव्हे

गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे तीन प्रकार सांगितले आहेत, शरीराचे, वाणीचे आणि मनाचे. वाणीचे तप कोणते? कुणाला उद्वेग न देणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असे बोलणे, आणि स्वाध्याय. आता आपले भिडेचे बोलणे या कसोटीवर लावून पाहा. ते प्रिय असते, उद्वेग तर मुळीच देत नाही. पण ते सत्य नसते, कारण मनात ‘नाही’ असताना ओठांवर ‘हो’ असतो. आणि पुष्कळदा ते हितकरही नसते, ना आपल्याला ना समोरच्याला. काकांनी सही केली नसती तर त्या नातेवाइकाने कदाचित तो व्यवहार आवरता घेतला असता. म्हणजे जे आपण गोड बोलणे समजतो, ते वाणीच्या तपाचा अर्धाच भाग आहे, आणि तोही सोपा अर्धा.

याच ठिकाणी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. मौन हे वाणीच्या तपात मोजलेले नाही, ते मनाच्या तपात आहे. प्रसन्नता, सौम्यता, मौन, आत्मसंयम आणि भावशुद्धी अशी ती माळ आहे. मौन आणि भावशुद्धी एकाच माळेत आहेत, हे फार अर्थपूर्ण आहे असे मला वाटते. तोंड मिटले म्हणजे मौन झाले असे नाही. मी हे का करते आहे, कुणासाठी, कशाच्या भीतीने, हा भाव तपासणे हे मौनाचे काम.

गप्प बसणे आणि अबोला

‘मला मौन सहज जमतं, मी घरात कधी बोलतच नाही’ असे काही जण म्हणतात. थोडे थांबा. भिडस्त माणूस आधीच पुष्कळ गप्प असतो. पटत नसताना गप्प, दुखावले गेले तरी गप्प, हिशेबात फसवले गेले तरी गप्प. हे गप्प बसणे म्हणजे मौन नव्हे. ते ‘हो’चेच दुसरे रूप आहे. तोंड बंद असते आणि आत भाषणे चालू असतात, जी कधी कुणाला ऐकवली जात नाहीत.

मग एक दिवस बांध फुटतो, किंवा अबोला धरला जातो. अबोला आपल्या घरांना चांगला परिचित आहे. दोन दोन दिवस, कधी वर्षानुवर्षे. ‘तुझ्या बाबांना सांग जेवायला या’ असा मुलांमार्फत चालणारा संसार कुणी पाहिला नाही? अबोल्यात शिक्षा असते. समोरच्याने ओळखावे, विरघळावे, माफी मागावी अशी वाट पाहणे असते. म्हणजे नजर पुन्हा समोरच्याच्या चेहऱ्यावरच खिळलेली.

मौनात नजर तिथून वळते. एवढा एकच फरक लक्षात ठेवला तरी पुरे. मौन धरताना घरच्यांना आधी सांगायचे, "सकाळी सात ते साडेसात मी बोलणार नाही, कुणावर रागावलेली नाही." अबोला कधीच असे सांगून धरला जात नाही!

सोमवारचे मौन

महात्मा गांधी दर सोमवारी मौन पाळत हे आपण शाळेत वाचलेले असते. त्यांच्या आत्मकथेत एक प्रकरण त्यांच्या लाजाळूपणावर आहे. इंग्लंडमध्ये शिकत असताना शाकाहारी मंडळाच्या बैठकीत त्यांना चार वाक्ये बोलता येत नसत. पुढे ते लिहितात की या संकोचाने त्यांचे नुकसान झाले नाही, उलट शब्द तोलून वापरायची सवय लागली. माणूस कळत नकळत सत्य वाढवून सांगतो, दडवतो किंवा बदलतो, आणि म्हणून सत्याच्या उपासकाला मौन आवश्यक आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. सत्य ‘बदलणे’ हा शब्द भिडस्त माणसाने स्वतःशी घोळवून पाहावा. आपण खोटारडे नसतो. समोरचा दुखावू नये म्हणून आपण सत्य थोडेसे, अगदी थोडेसे, बदलत राहतो.

आणि हे मौन केवळ आश्रमाच्या शांततेत पाळलेले नव्हते. २ जून १९४७ हा सोमवार होता. फाळणीची योजना नेत्यांपुढे ठेवली जात होती. गांधीजी व्हाइसरॉय माउंटबॅटन यांना भेटायला गेले आणि तिथेही त्यांनी मौन सोडले नाही. वापरलेल्या पाकिटांच्या मागच्या बाजूवर पेन्सिलीने लिहून ते संवाद करीत होते. या व्रतात आपण दोन अपवाद ठेवले आहेत, तातडीच्या बाबतीत उच्चपदस्थांशी बोलणे आणि आजाऱ्याची सेवा, हेही त्यांनी त्यातच लिहिले. अपवाद असूनही तो घेतला नाही. त्या दिवसाचे राजकारण हा आपला विषय नाही. समोर सत्तेतला सर्वांत मोठा माणूस उत्तराची वाट पाहत असताना न बोलता, शांतपणे बसता येते, एवढेच आपण तिथून घ्यायचे. आणि व्रतातही आजाऱ्यासाठी वाट ठेवलेली असते, हेही.

चेहरे वाचायची सुटी

इगतपुरीच्या धम्मगिरीत आणि देशभरातल्या विपश्यना केंद्रांत दहा दिवसांच्या शिबिरात ‘आर्य मौन’ पाळले जाते. सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतील या शिबिरांत पहिले नऊ दिवस आणि दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत साधक एकमेकांशी बोलत नाहीत. बोलणे तर नाहीच, खाणाखुणा नाहीत, चिठ्ठ्या नाहीत, नजरानजरही टाळायची. (व्यवस्थेची अडचण असेल तर सेवकांशी आणि साधनेची शंका असेल तर आचार्यांशी बोलता येते.) बाहेरून हे रूक्ष वाटते. पण भिडस्त माणसासाठी याचा काय अर्थ होतो ते पाहा. ताट घेऊन शेजारी बसलेल्या माणसाला हसून दाखवायचे नाही. ‘तुम्ही घ्या, तुम्ही घ्या’ करायचे नाही. आपल्याबद्दल त्याचे काय मत झाले हे कळायला मार्गच नाही. पहिले दोनतीन दिवस कासावीस होतात असे अनेक जण सांगतात. मनाला सवय असते ना, सतत पावती घेण्याची. पावती मिळत नाही आणि तरीही आपण असतोच. जेवतो, झोपतो, श्वास घेतो. कुणी ‘छान’ म्हटले नाही तरी दिवस मावळतो.

प्रत्येकाला दहा दिवस जाता येईल असे नाही, आणि कोणत्याही शिबिराला जायलाच हवे असेही नाही. घरच्या घरी रोज थोडी ही सुटी घेता येते.

घरी कसे सुरू करावे

सकाळी वीस मिनिटे. फोन दुसऱ्या खोलीत. बसायला तुमचे नेहमीचे आसन किंवा साधी खुर्ची. डोळे मिटून श्वास येतो जातो तसा पाहायचा. नामस्मरणाची सवय असेल तर तेही चालेल, पण शेवटची पाच मिनिटे नामही सोडून नुसते बसावे. या पाच मिनिटांत काल ज्या ज्या वेळी ‘हो’ म्हटले ते प्रसंग आपोआप वर येतील. त्यांना हाकलू नका आणि त्यांचा न्यायनिवाडाही करू नका. फक्त शरीराकडे लक्ष द्या. कोणता प्रसंग आठवल्यावर छाती मोकळी राहिली? कुठल्या आठवणीने जबडा आवळला, पोट घट्ट झाले? आपले शरीर आपल्याशी भिडस्तपणे वागत नाही, ते खरे सांगते. हळूहळू एखादी फार जुनी गोष्टही वर येईल. एखादे दार, कुणाचा तरी चढलेला आवाज, आणि दाराआड उभे असलेले लहानसे तुम्ही. रडू आले तर येऊ द्यावे.

रात्री वहीत दोनच ओळी. आजचे कोणते ‘हो’ मनापासून होते, कोणते भिडेपोटी. उपदेश लिहायचा नाही, संकल्प लिहायचे नाहीत. पंधरा दिवसांनी वही उलटून पाहा. बहुतेकांना दिसते की भिडेचे ‘हो’ सगळ्यांना जात नाहीत, ठरावीक दोनतीन माणसांनाच जातात. कुणाला वाटेल मी सगळ्यांनाच घाबरते, आणि वहीत निघतात फक्त मोठ्या जाऊबाई आणि ऑफिसातले साहेब. हा शोध फार मोलाचा आहे. काम तिथेच करायचे असते.

आणि दिवसभरात एकच नियम: विचारणा आणि उत्तर यांच्यामध्ये एक श्वास. पूर्ण श्वास. शक्य असेल तिथे एक रात्र. "उद्या सकाळी सांगते" हे तीन शब्द पाठ करून ठेवा. यात नकार नाही, अपमान नाही, कारणेही द्यावी लागत नाहीत. मौनाचा हा सगळ्यात छोटा तुकडा आहे, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी. सुरुवातीला हात थरथरतील. "यात विचार काय करायचाय?" असा टोमणा येईल. तो ऐकायचा, हसायचे नाही, समजूत घालायची नाही, पुन्हा तेच तीन शब्द म्हणायचे. भीड अशीच चेपते.

‘नाही’ म्हणायची वेळ आली की भिडस्त माणूस पाच मिनिटे बोलतो. आजारपण सांगतो, पाहुणे सांगतो, नसलेली परीक्षा सांगतो. एका वाक्यात ‘नाही’ म्हणून नंतर येणारी शांतता सोसणे, हीच खरी परीक्षा. त्या शांततेत न बोलता राहणे सकाळच्या वीस मिनिटांनी शिकवलेले असते.

सेवेतली भीड

हे लिहिताना संकोच वाटतो, पण लिहायला हवे. आपल्या सत्संगातही भीड असते. सतरंज्या घालायच्या, प्रसाद करायचा, नावे नोंदवायची, आणि प्रत्येक वेळी त्याच दोनतीन भगिनी पुढे. कारण कुणीतरी म्हणाले, "तुमच्याशिवाय कसं होणार!" सेवा करून आल्यावर मन हलके होत असेल तर ती सेवा आहे. सेवा करून आल्यावर कोण कोण आले नाही याची यादी मनात तयार होत असेल, तर त्या दिवशी घरी बसून वीस मिनिटे मौन करणे ही त्याहून चांगली सेवा झाली असती. आयोजक बंधूंनीही ‘तुम्ही कधी नाही म्हणतच नाही’ हे कौतुक जरा जपून करावे.

एक सावधगिरी

काही घरांत ‘नाही’ म्हटले तर हात उगारला जातो, खर्चाचे पैसे बंद होतात, मुले हिरावून घेण्याची धमकी मिळते. तिथे समोरच्याची मर्जी राखणे हा स्वभावदोष नाही, ती जीव वाचवण्याची धडपड आहे. अशा ठिकाणी मौन हा उपाय नाही. तिथे बोलायला हवे, योग्य माणसाशी. महिलांसाठी १८१ ही मदतवाहिनी आहे. मौनात बसल्यावर जुन्या आठवणींनी घाबरायला होत असेल, झोप उडत असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर साधना थांबवून समुपदेशकाची मदत घ्या. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. अशी मदत घेतल्याने साधनेत काही कमी पडत नाही.

काकांची दुसरी सही

वडोदऱ्याच्या काकांची गोष्ट अर्धी राहिली. पैसे गेल्यानंतर त्यांनी सकाळचे मौन धरले. सुरुवातीला फक्त पश्चात्ताप वर येई. चारपाच महिन्यांनी एके सकाळी वडिलांचा चेहरा समोर आला, जेवणाच्या ताटावरून उठून जाणारा. वडील रागावले की ताट सोडून उठत, आणि दिवसभर आई जेवत नसे. "माझ्या नकाराने कुणीतरी उपाशी राहील, हे माझ्या हाडात बसलं होतं," ते म्हणाले.

वर्षाने पुतण्या आला. छोटा व्यवसाय, कर्ज, जामीन, तोच कागद. काकांनी चहा दिला आणि म्हणाले, "उद्या सकाळी सांगतो." रात्री पत्नीला विचारले. सकाळी वीस मिनिटे बसले. मग फोन केला. "जामीन राहणार नाही. पण तुझे हिशेब दर शनिवारी बसून लिहून देईन, ते मला येतं." पलीकडे शांतता होती. काकांच्या तोंडाशी दहा कारणे आली होती. त्यांनी एकही सांगितले नाही.

पुतण्या त्या वर्षी गणपतीला आला नाही. घरात चर्चा झाली, बहिणीने फोनवर सुनावले, आणि काका दोन रात्री झोपले नाहीत. तिसऱ्या रात्री पत्नीने सांगितले, "तुम्ही झोपा. कुणी उपाशी नाहीये." दिवाळीनंतर एका शनिवारी दारात पुतण्याची स्कूटर थांबली. हातात दोन वह्या होत्या, चेहरा अजून फुगलेलाच होता. काकांनी चष्मा शोधला, वही उघडली, आणि पहिल्याच पानावरची बेरीज चुकलेली दाखवली.